फुकट आणि मोकळे : एका विस्मृत संगणक-भाषेचा शोध

माणसांची एखादी भाषा जिवंत आहे की नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. ती बोलणारे कोणी उरले आहे की नाही, एवढे पाहिले म्हणजे झाले. संगणकाच्या भाषेचे तसे नाही. ती जाणणारे शंभर लोक जगात असतील, तिच्यावरची पुस्तके ग्रंथालयात नीट लावून ठेवलेली असतील. पण तिच्यात लिहिलेला मजकूर समजून घेऊन यंत्राकडून काम करवून घेणारी सोय उरली नसेल, तर ती भाषा मुकी झाली असे समजावे. उलट, तिचा जाणकार एकही उरलेला नसला तरी ती सोय शाबूत असेल, तर उद्या कोणी पुस्तक उघडून बसेल, शिकेल, आणि भाषा पुन्हा बोलू लागेल. ही सोय म्हणजे काय, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या भाषेसाठी ती विनामूल्य कशी शोधावी, आणि सापडल्यावर तिची पारख कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ही सोय काय आहे ते पाहू. संगणकाला स्वतःची अशी एकच भाषा कळते, आणि ती आकड्यांची असते. माणसाला तिच्यात लिहिणे फार जिकिरीचे. म्हणून माणसाने आपल्या सोयीच्या भाषा बनविल्या. आकडेमोडीसाठी १९५७ साली फोर्ट्रान आली, आणि दोनतीन वर्षांतच व्यापारी हिशेबांसाठी कोबॉल आली. अशा भाषेतला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅम लागतो. काही प्रोग्रॅम सगळा मजकूर एकदम उतरवून देतात, त्यांना कम्पायलर म्हणतात. काही ओळीमागून ओळ वाचत जागच्या जागी काम करून दाखवितात, त्यांना इंटरप्रिटर म्हणतात. आपण आज दोघांनाही 'दुभाष्या' म्हणू. न्यायालयात परभाषी साक्षीदार आला की दुभाष्यावाचून घोडे अडते, तसेच येथेही अडते.

तेव्हा भाषा वेगळी आणि दुभाष्या वेगळा, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. भाषा म्हणजे नियम; ते पुस्तकात असतात. दुभाष्या म्हणजे ते नियम पाळणारा प्रोग्रॅम. तो कोणीतरी लिहिलेला असतो, आणि कोणत्यातरी एका जातीच्या यंत्रासाठी लिहिलेला असतो. यंत्र मोडीत निघाले की तो दुभाष्याही त्याच्याबरोबर जातो. पुस्तक मात्र तसेच राहते. म्हणून पुष्कळ भाषांची गत अशी होते की व्याकरण हाती आहे, पण उच्चार करणारा कोणी नाही.

आता कोणी विचारील, जुन्या भाषेवाचून आज कोणाचे काय अडले आहे? रोज नव्या भाषा निघत आहेत, त्या शिकाव्यात. प्रश्न रास्त आहे. पण समजा, एका अभ्यासकाच्या हाती १९७५ सालचा एक प्रबंध आला. एका जुन्या काव्यात कोणता शब्द किती वेळा आला आहे, कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द येतो, हे यंत्राकडून मोजून घेऊन त्यावरून कर्तृत्वाचा निर्णय दिलेला आहे. मोजणीचा प्रोग्रॅम परिशिष्टात छापला आहे. हा निर्णय मान्य करावयाचा की नाही, हे मोजणी बरोबर होती की नाही ह्यावर अवलंबून. आणि मोजणी तपासावयाची तर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालविला पाहिजे. नव्या भाषेत उतरवून चालविला, तर चूक जुन्या प्रोग्रॅमात होती की आपल्या उतरविण्यात, हे कळावे कसे? येथे जुन्या भाषेचा दुभाष्याच लागतो. त्यावाचून पन्नास वर्षांपूर्वीच्या विद्वानाचे म्हणणे आपण केवळ विश्वासावर घेतो, किंवा केवळ अविश्वासावर टाकून देतो. दोन्ही गोष्टी विद्येला शोभणाऱ्या नाहीत.

हे उदाहरण मी कल्पनेने घेतले, परंतु ज्या भाषेत असे काम खरोखरच पुष्कळ होत असे, अशी एक भाषा आहे. तिचे नाव स्नोबॉल. तिच्याच शोधाची हकीकत आज उदाहरणादाखल घेऊ, म्हणजे इतर भाषांच्या बाबतीतही कसे चालावे हे आपोआप कळेल.

अमेरिकेत बेल टेलिफोन लॅबोरेटरीज ही टेलिफोन कंपनीची नामांकित संशोधनशाळा होती. तेथे १९६२ साली डेव्हिड फार्बर, राल्फ ग्रिसवोल्ड आणि इव्हान पोलोन्स्की ह्या तिघांनी ही भाषा रचण्यास आरंभ केला. त्या काळच्या बहुतेक भाषा आकड्यांचा विचार करणाऱ्या. ह्या तिघांना हवी होती अक्षरांचा विचार करणारी भाषा. म्हणजे मजकुरात शब्द शोधणे, तोडणे, जोडणे, बदलणे हीच जिची मुख्य कामे. नाव काही केल्या सुचेना, तेव्हा नरकात बर्फाचा गोळा टिकण्याइतकीही आशा नाही, अशा अर्थाच्या एका इंग्रजी म्हणीवरून कोणीतरी थट्टेने हे नाव पुढे केले, असे सांगतात. त्या नावाची अक्षरे फोडून त्यांना गंभीर अर्थ मागाहून चिकटविण्यात आला. भाषेच्या पुढच्या आवृत्त्या झाल्या, आणि त्यांतली चौथी, स्नोबॉल४, हीच पुढे रूढ झाली. तिचे पुस्तक १९६८ साली निघाले आणि त्याची दुसरी आवृत्ती १९७१ साली. त्यावर ग्रिसवोल्ड, पोएज आणि पोलोन्स्की अशी तीन नावे आहेत.

ह्या भाषेची खुबी एका उदाहरणाने सांगतो. समजा, आपल्याजवळ सभासदांची यादी आहे आणि तीत प्रत्येक नाव 'कुलकर्णी, विष्णु' असे, आडनाव आधी घालून लिहिले आहे. ते 'विष्णु कुलकर्णी' असे उलटवून हवे. स्नोबॉलमध्ये हे एका वाक्याचे काम आहे. वाक्याचा पहिला भाग म्हणजे विषय, येथे यादीतली ओळ. दुसरा भाग म्हणजे नमुना : 'स्वल्पविरामापर्यंतचे सर्व घे आणि त्याला आडनाव म्हण, मग स्वल्पविराम, मग उरलेले सर्व घे आणि त्याला नाव म्हण.' तिसरा भाग म्हणजे बदली : 'नाव, मोकळी जागा, आडनाव.' आणि चौथा भाग मोठा गमतीचा आहे. नमुना जुळला तर पुढे कोठे जावयाचे आणि न जुळला तर कोठे जावयाचे, हे वाक्याच्या शेवटीच सांगून ठेवावयाचे. जुळणे आणि न जुळणे ह्या दोन वाटांवरच सगळा प्रोग्रॅम चालतो. 'जर असे असेल तर तसे कर' ह्यासाठी वेगळा शब्द ह्या भाषेत नाहीच.

मजकुराशी काम असलेल्या लोकांना ही भाषा आवडली ह्यात नवल नाही. शब्दसूची करणारे, ग्रंथांची पाठांतरे ताडून पाहणारे, काव्याचे छंद मोजणारे असे पुष्कळ अभ्यासक तिच्याकडे वळले. मानव्यशाखेच्या अभ्यासकांसाठी सुझन हॉकी ह्या विदुषीने स्नोबॉलवर लिहिलेले पाठ्यपुस्तक १९८५ साली ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झाले. पुढे लहान यंत्रे आली, नव्या भाषा आल्या, आणि मजकुरातले नमुने शोधण्याची सोय त्यांतही आली. स्नोबॉल मागे पडली. आज संगणकशास्त्राच्या पदवीधरालाही तिचे नाव ठाऊक असेलच असे नाही.

तरीही ती मुकी झाली नाही. का झाली नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण शोध कोठे घ्यावा ह्याचे उत्तर त्यातच आहे.

पहिले कारण असे की ती आरंभापासून वाटली गेली. बेल लॅबोरेटरीज ज्या ए. टी. अँड टी. कंपनीची होती, तिला १९५६ सालच्या एका तडजोडीच्या हुकुमनाम्याने टेलिफोनच्या धंद्याबाहेर दुसऱ्या धंद्यात पडण्याची मनाई होती. शिवाय त्या काळी प्रोग्रॅम ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू आहे अशी समजूतही फारशी रुजलेली नव्हती. आय. बी. एम. कंपनीने यंत्राची आणि प्रोग्रॅमांची किंमत वेगवेगळी लावण्याचे ठरविले ते १९६९ साली. त्यामुळे स्नोबॉल४चा दुभाष्या, त्याच्या मूळ मसुद्यासह, विद्यापीठांना विनामूल्य मिळत असे. मूळ मसुदा म्हणजे तो प्रोग्रॅम माणसाने ज्या रूपात लिहिला ते रूप. यंत्राच्या आकड्यांत उतरलेले रूप म्हणजे शिजलेला पदार्थ, आणि मूळ मसुदा म्हणजे त्याची कृती. पदार्थ मिळाला तर एक वेळचे जेवण होते. कृती मिळाली तर वाटेल तेव्हा शिजविता येते, आणि मीठ कमी असेल तर वाढविताही येते.

दुसरे कारण कारागिरीचे आहे. ग्रिसवोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दुभाष्या कोणत्याही खऱ्या यंत्राच्या भाषेत लिहिला नाही. त्यांनी मनाने एक यंत्र कल्पिले, त्याला शंभराहून थोड्या अधिक आज्ञा ठरवून दिल्या, आणि सगळा दुभाष्या त्या काल्पनिक यंत्राच्या आज्ञांत लिहिला. ज्याला तो आपल्या यंत्रावर आणावयाचा असेल त्याने तेवढ्या आज्ञा आपल्या यंत्राच्या भाषेत कशा म्हणावयाच्या हे एकदा ठरवावे, की सगळा दुभाष्या त्या यंत्रावर चालू लागे. ही पद्धत ग्रिसवोल्डनी १९७२ साली एका स्वतंत्र पुस्तकात विस्ताराने सांगितली आहे. घर विटांनी न बांधता, कोठेही उभारता येईल असे तंबूचे बांधले, म्हणा ना. जमीन बदलली तरी खुंट्या ठोकल्या की झाले.

ह्या तंबूचे आजचे ठिकाण म्हणजे सी-स्नोबॉल४ नावाचा दुभाष्या. फिल बडने ह्या अमेरिकन प्रोग्रॅमरने त्या जुन्या काल्पनिक आज्ञा सी ह्या भाषेत उतरविल्या. सी भाषा आज जवळपास प्रत्येक यंत्रावर चालते, म्हणून बेल लॅबोरेटरीजमधला तोच मूळ दुभाष्या आज आपल्या टेबलावरच्या संगणकावरही बसतो. आपण सी-स्नोबॉल४ चालवितो तेव्हा त्याच्या आत तो जुना मूळ मसुदाच काम करीत असतो. आपल्या अभ्यासकाला नेमके हेच हवे होते.

तिसरी हकीकत थोडी निराळी आहे. मूळ दुभाष्या संथ होता. रॉबर्ट ड्यूअर आणि केन बेल्चर ह्या दोघांनी शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९७०च्या सुमारास एक वेगवान दुभाष्या तयार केला आणि त्याचे नाव ठेवले स्पिटबॉल. पुढे ड्यूअर आणि टोनी मॅकॅन ह्यांनी हीच काल्पनिक यंत्राची युक्ती वापरून त्याला नवे रूप दिले. लहान संगणकांच्या काळात कॅटस्पॉ नावाच्या कंपनीकडून तो विकत मिळे. विकत होता तोवर त्याचे भवितव्य एका धंद्याच्या भवितव्याशी बांधलेले होते. पण २००९ साली कंपनीचे मालक मार्क एमर ह्यांनी त्याचा मूळ मसुदा मोकळ्या परवान्याखाली खुला केला. त्यानंतर इतरांनी तो हाती घेतला, आणि ६४ बिटांच्या यंत्रांवर चालणारे त्याचे रूप आज उपलब्ध आहे. ग्रिसवोल्ड २००६ साली गेले, ड्यूअर २०१५ साली गेले. त्यांचे दुभाषे मात्र चालू आहेत, कारण मसुदे लोकांच्या हाती होते.

आता 'विनामूल्य' ह्या शब्दाकडे वळू. इंग्रजीत फुकटलाही 'फ्री' म्हणतात आणि स्वतंत्रालाही 'फ्री'च म्हणतात, त्यामुळे तेथे फार घोटाळा होतो. आपल्याजवळ शब्द पुष्कळ आहेत. फुकट वेगळे, आणि मोकळे वेगळे. शोधाला निघताना हा फरक पदरी बांधून निघावे.

फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत, एवढेच. कॅटस्पॉनेच डॉस ह्या जुन्या व्यवस्थेसाठी 'व्हॅनिला स्नोबॉल४' नावाचा एक लहान दुभाष्या फुकट दिला होता. त्याने पुष्कळांना ही भाषा शिकविली. पण तो १६ बिटांच्या यंत्रांसाठी शिजविलेला पदार्थ होता. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तो तसा चालत नाही. जुन्या यंत्राची नक्कल करणारा डॉसबॉक्ससारखा प्रोग्रॅम आधी बसवावा लागतो. फुकट वस्तू आपल्या मापाची नसेल तर ती बदलता येत नाही.

मोकळे म्हणजे मसुदा हाती, तो वाचण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची परवानगीही हाती. ह्या परवानग्यांच्याही जाती आहेत. सी-स्नोबॉल४चा परवाना बीएसडी जातीचा आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात एवढेच की मूळ कर्त्याची सूचना पुसू नका, मग काय वाटेल ते करा. स्पिटबॉलचा परवाना जीपीएल जातीचा आहे. ही जात रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८९ साली प्रथम घडविली. तिची अट अशी की तुम्ही बदल करून दुसऱ्याला द्याल तर मसुदाही द्या, आणि तुम्हाला मिळाली तीच मोकळीक त्यालाही द्या.

आणि एक तिसरी, मधली जात आहे. तिथेच बहुतेकांची फसगत होते. मसुदा पाहावयास मिळतो, पण काही कामांनाच. एपीएल ही चमत्कारिक चिन्हांनी भरलेली भाषा घ्या. आय. बी. एम.च्या जुन्या एपीएलचा मसुदा कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयाने २०१२ साली प्रसिद्ध केला, परंतु तो व्यापारी नसलेल्या उपयोगापुरताच. त्याच भाषेचा ग्नू एपीएल नावाचा दुभाष्या मात्र जीपीएलखाली पूर्ण मोकळा आहे. अभ्यासाला दोन्ही चालतील. पण एखाद्या छापखान्याला किंवा कारखान्याला आपले काम त्यावर उभे करावयाचे असेल, तर पहिला चालणार नाही. तेव्हा किमतीच्या रकान्यात शून्य पाहून थांबू नये. परवान्याचा कागद उघडून वाचावा. परवान्याचा कागदच नसेल तर परवानगी आहे असे धरून चालू नये.

शोधाची रीत आता थोडक्यात सांगतो.

एक, नावाच्या सारखेपणाला फसू नये. स्नोबॉलच्या शोधात असताना तशाच उच्चाराची दुसरी एक भाषा हटकून आडवी येते. इंग्रजी स्पेलिंग निराळे, पण कानाला फरक कळत नाही. मार्टिन पोर्टर ह्यांनी शब्दांचे प्रत्यय छाटून मूळ रूप काढण्यासाठी ती बनविली, आणि जुन्या स्नोबॉलच्या गौरवार्थच तिला तसे नाव दिले. भाषा चांगली आहे, मोकळीही आहे. पण तिचा दुभाष्या आणून आपला जुना प्रोग्रॅम चालणार नाही.

दोन, भाषेची वंशावळ काढावी. रचणारे कोण, संस्था कोणती, पुढे ते कोठे गेले, हे पाहिले की दुभाषेही त्याच वाटेवर सापडतात. ग्रिसवोल्ड १९७१ साली ॲरिझोना विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी स्नोबॉलचे विचार पुढे नेऊन आयकॉन ही भाषा केली. ती त्यांनी सार्वजनिक मालकीची करून टाकली. ड्यूअर न्यूयॉर्क विद्यापीठात गेले, आणि पुढे अडा भाषेचा मोकळा कम्पायलर जेथे तयार झाला त्या कामात ते आघाडीवर होते. वाटण्याची सवय असलेली माणसे पुढेही वाटतच राहतात, हे अशा वंशावळीत दिसते.

तीन, भांडारे पाहावीत. लिनक्स, फ्रीबीएसडी ह्यांसारख्या मोकळ्या व्यवस्थांची मोठमोठी भांडारे असतात. तेथे एखादा दुभाष्या ठेवलेला आढळला, तर कोणीतरी त्याचा परवाना पाहिला आहे आणि तो आजच्या यंत्रावर उभा करून पाहिला आहे, असे समजण्यास हरकत नाही. मात्र शेवटचा बदल कधी झाला, हे आपण स्वतः पाहावे.

चार, विरजणाची चौकशी करावी. दही लावावयाचे तर थोडे जुने दही लागते, हे आपल्या घरी सर्वांना ठाऊक आहे. काही दुभाष्यांचे नेमके असेच असते. स्पिटबॉलचा मसुदा यंत्राच्या भाषेत उतरविणारे साधन स्वतः स्पिटबॉलमध्येच लिहिलेले आहे. म्हणजे स्पिटबॉल तयार करावयाचा तर आधी एक चालता स्पिटबॉल हवा. सी-स्नोबॉल४मध्येही मूळ आज्ञा सी भाषेत उतरविणारा प्रोग्रॅम स्नोबॉलमध्येच आहे. पण त्याने उतरविलेला सीमधला मजकूर सोबत तयार दिलेला असतो, त्यामुळे नवख्याची अडचण होत नाही. म्हणून मसुदा मिळाला एवढ्याने हुरळून न जाता, सोबत विरजण दिले आहे की नाही ते पाहावे. नसेल तर नुसत्या दुधाकडे पाहत बसण्याची पाळी येते.

पाच, पुस्तकाने परीक्षा घ्यावी. दुभाष्या बसविला की त्याला लगेच आपला मोठा प्रोग्रॅम देऊ नये. भाषेच्या मूळ पुस्तकातली लहान उदाहरणे एकेक चालवून पाहावीत, आणि छापलेले उत्तर आणि मिळालेले उत्तर ताडून पाहावे. दोन दुभाषे असतील तर दोघांनाही तोच प्रश्न द्यावा. ते नेहमीच एकमताने बोलतील असे नाही. मूळ स्नोबॉल४ नमुना जुळविताना वेळ वाचविण्यासाठी काही आडवाटा घेतो. त्या बंद करावयाच्या असतील तर तसे सांगावे लागते. स्पिटबॉल त्या आडवाटा घेतच नाही. त्यामुळे एखादा नमुना एकाकडे जुळेल आणि दुसऱ्याकडे नाही, असे घडू शकते. नवे काम करणाऱ्याने वेगासाठी स्पिटबॉल घ्यावा. जुने काम तपासणाऱ्याने मूळ मसुद्याशी इमान राखणारा सी-स्नोबॉल४ घ्यावा.

आता मराठी मजकुरावर ह्या भाषेत काम करू इच्छिणाऱ्यासाठी दोन शब्द. हे दुभाषे ज्या काळी रचले गेले त्या काळी एक अक्षर म्हणजे यंत्राचा एक बाइट, असा हिशेब होता. आज देवनागरी मजकूर साठविण्याची जी यूटीएफ-८ नावाची पद्धत सर्वत्र रूढ आहे, तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मग ते व्यंजन असो की वेलांटी. त्यामुळे बाइट मोजणाऱ्या दुभाष्याला 'कमळ' ह्या शब्दाची लांबी विचारली तर तो तीन न सांगता नऊ सांगेल. 'पुणे' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो. त्यात उकार आणि मात्रा धरून चार चिन्हे आहेत, आणि दुभाष्याचे उत्तर येईल बारा. 'पहिले एक अक्षर तोड' म्हटले, तर तो 'प'चा तिसरा हिस्सा तोडून हाती देईल, आणि तो कोणालाच वाचता येणार नाही.

पण ह्याने निराश होण्याचे कारण नाही. यूटीएफ-८ची रचनाच अशी आहे की इंग्रजी स्वल्पविराम किंवा मोकळी जागा ह्यांचा बाइट देवनागरी चिन्हाच्या पोटात कधीही येत नाही. म्हणून मघाचे 'कुलकर्णी, विष्णु' उलटविण्याचे काम मराठीतही बिनचूक होते. अख्खा शब्द शोधणे, शब्दांच्या सीमेवर ओळ तोडणे, ठरलेला शब्द किती वेळा आला हे मोजणे, ही कामे होतात. मात्र एक दक्षता घ्यावी : 'राम' शोधताना 'रामा'तलाही 'राम' सापडतो, तेव्हा शब्द संपला की नाही हे नमुन्यातच सांगावे. 'ह्यांपैकी कोणतेही एक अक्षर' असे म्हणावयाचे असेल, तर अक्षरांचा संच न देता एकेक पर्याय वेगळा लिहावा. एवढे पथ्य पाळले तर साठ वर्षांपूर्वीची ही भाषा मराठी शब्दसूचीच्या कामालाही उपयोगी पडेल.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मोकळा दुभाष्या मिळाला की तो घेऊन आपण आपल्या कामाला लागतो, आणि तो तेथे कायमचाच असेल असे गृहीत धरतो. तसा तो नसतो. तो कोणातरी एकादोघांच्या चिकाटीवर उभा असतो. नवे यंत्र आले की कोणालातरी पुन्हा खुंट्या ठोकाव्या लागतात. म्हणून ज्याचे काम अशा दुभाष्यावर अवलंबून आहे, त्याने मसुदा, परवाना, पुस्तक आणि चालते विरजण, अशी चार वस्तूंची एक प्रत आपल्याजवळ जपून ठेवावी. आपला प्रबंध किंवा लेख छापताना कोणत्या दुभाष्याची कोणती आवृत्ती वापरली, ते स्पष्ट लिहावे. दोष सापडला तर तो सांभाळणाऱ्याला कळवावा, आणि दुरुस्ती साधली तर तीही पाठवावी. मोकळ्या वस्तूचे मोल पैशांत द्यावे लागत नाही, पण ती अशा रीतीने फेडावी लागते. नाहीतर आपल्यामागून येणाऱ्या अभ्यासकाच्या हाती पुस्तक तेवढे राहील, आणि त्यातली भाषा बोलून दाखविणारे कोणी उरणार नाही.